वाळूचा खड्डा

आमच्या कॉलेजच्या मैदानाच्या पश्चिम कोपऱ्यात वाळूचा एक खड्डा होता. पहाटे साडेपाचला सर तिथं फावडं घेऊन उभे असायचे. रात्रभरात वाळू दबते, दंवानं घट्ट होते, आणि उडी मारून पडणाऱ्याच्या गुडघ्याला विटेसारखी लागते. म्हणून सर ती रोज तळापासून उकरायचे, खडे वेचून बाजूला टाकायचे आणि मग हातानं सारखी करायचे. कॉलेजला शिपाई होता, पण तो साडेदहाला यायचा. तोवर आमचा सराव होऊन आम्ही वर्गात बसलेल्या असायचो.

माणदेशातल्या एका तालुक्याच्या गावचं ते छोटं कॉलेज. कला आणि वाणिज्य अशा दोनच शाखा. जिमखाना म्हणजे जिन्याखालची खोली. तिच्यात चामड्याचा, दोऱ्यांचा, चुन्याच्या पोत्याचा मिळून एक वास असायचा. तो मला आजही कुठं आला तर पाय आपोआप थांबतात. त्या खोलीत एक टेबल, एक कपाट आणि एक माणूस. कबड्डी, खोखो, व्हॉलीबॉल, गोळाफेक, धावणं, कुस्ती, बुद्धिबळ, एवढ्या सगळ्यांना तोच एक माणूस. सर स्वतः विद्यापीठाच्या संघातून कबड्डी खेळले होते, व्हॉलीबॉलचे चांगले शूटर होते आणि लांब उडीत त्यांना बक्षिसं होती. हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. त्यांच्या गावचा एक मुलगा आमच्या वर्गात होता, त्याच्याकडून कळलं.

मी खोखो खेळायचे. पहिल्या वर्षाला असताना सरावात मी खांबाजवळ सूर मारला, गडी बाद केला आणि धूळ झटकत उठले. सर शिट्टी तोंडात धरून नुसते बघत होते. संध्याकाळी म्हणाले, "उद्या खड्ड्याकडं ये. तुझा डावा पाय जमीन सोडताना गप सोडत नाही, ढकलतो तिला." मला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन बांबूंना दोरी बांधली, माझ्या कमरेएवढी, आणि म्हणाले, "खांब समज. पण आडवा." मी कात्री मारून, म्हणजे एकामागून एक पाय वरून टाकत, पलीकडं पडले. दोरी हलली नाही. सर हसले नाहीत की शाबास म्हणाले नाहीत. त्यांनी दोरी चार बोटं वर सरकवली.

कितीतरी वर्षांनी, अमेरिकेतल्या टस्कगीच्या संस्थेत खेळ शिकवणाऱ्या क्लीव्ह ॲबट नावाच्या माणसाबद्दल वाचताना मला ती चार बोटं आठवली.

टस्कगी हे नाव मराठी घरांत परकं नाही. शेंगदाण्याचे आणि रताळ्याचे शेकडो उपयोग शोधणारे जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर आपल्याकडच्या दोन-तीन पिढ्यांनी शाळेच्या वयात वाचले, बक्षीस समारंभात एकमेकांना भेट दिले. अलाबामा राज्यातल्या तांबड्या, थकलेल्या जमिनीवर काळ्या मुलांसाठी उभी राहिलेली ती संस्था, विटा स्वतः भाजून इमारती बांधणारे विद्यार्थी, संस्थापक बुकर टी. वॉशिंग्टन, हे सगळं मला पाठ होतं. माझ्या मनातल्या टस्कगीत प्रयोगशाळा होती, शेतं होती, चित्रांची खोली होती. मैदान मात्र नव्हतं. आणि त्याच आवारात, कार्व्हर हयात असताना, तिथल्या मैदानावर काळ्या मुली धावायला, उड्या मारायला शिकत होत्या आणि सगळ्या अमेरिकेला हरवत होत्या. त्यांना शिकवणारा माणूस स्वतः चार खेळांचा खेळाडू होता.

क्लीव्हलंड ली ॲबट यांचा जन्म ९ डिसेंबर १८९२ चा, साउथ डकोटामधल्या यँक्टनचा. त्यांचे आईवडील अलाबामातून १८९० मध्ये उत्तरेला आले होते. गुलामगिरी कायद्यानं संपून पंचवीस वर्षं झाली होती, पण दक्षिणेत काळ्या माणसाचं जिणं सोपं झालं नव्हतं. हजारेक मैल दूर, बर्फाच्या, गव्हाच्या मुलखात त्यांनी बिऱ्हाड हलवलं. आमच्याकडं दुष्काळात माणसं मुंबईच्या गिरणीत गेली आणि तिथंच राहिली, त्या घरांतल्या मुलांचे चेहरे मला इथं दिसतात. मामाच्या गावाला सुट्टीत येणारी, बोलणं थोडं वेगळं झालेली मुलं. ॲबट वॉटरटाउन या गावी वाढले. आसपास काळी घरं थोडीच. शाळेत ते प्रत्येक खेळात होते. पुढं ब्रुकिंग्जच्या साउथ डकोटा स्टेट कॉलेजात फुटबॉल, बास्केटबॉल, बेसबॉल आणि ॲथलेटिक्स अशा चारही खेळांत मुख्य संघात.

तिथल्या कॉलेजांत एक पद्धत आहे. एखाद्या खेळाच्या मुख्य संघातून पूर्ण हंगाम खेळलात की कॉलेजच्या नावाचं आद्याक्षर कापडाचं करून देतात, ते स्वेटरवर शिवायचं. मोठा मान. ॲबटना कॉलेजात अशी चौदा अक्षरं मिळाली, शाळेत सोळा. म्हणजे पानगळीत फुटबॉल, बर्फ पडलं की बास्केटबॉल, वसंतात धावणं आणि बेसबॉल. वर्षाचा एकही ऋतू मैदानाशिवाय गेला नाही. (तिकडचा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन अंगावर जाण्याचा खेळ. आपल्या कबड्डीतली पकड ज्याला कळते त्याला तो लवकर कळेल.)

आज असा खेळाडू दिसला तर लोक म्हणतील, एकात लक्ष घाल. मलाही तसंच वाटायचं. माझ्या मैत्रिणीच्या मुलाला आठव्या वर्षी बॅडमिंटनच्या अकादमीत घातलं आणि शाळेच्या खोखोच्या संघातून काढून घेतलं, तेव्हा मीच तिला बरोबर केलंस म्हणाले होते. आता मला त्याचं वाईट वाटतं. ॲबटच्या आयुष्याकडं बघताना लक्षात येतं की चार खेळ खेळलेल्या माणसाच्या नजरेत एक गोष्ट येते, जी एकाच खेळात मुरलेल्याच्या नजरेत बहुधा येत नाही. तो समोरच्या मुलाकडं बघताना खेळ बघत नाही, अंग बघतो. हा पाय जमीन कशी सोडतो. हा खांदा कुठून फिरतो. ही मुलगी पडताना घाबरते की पडण्यात तिला मजा येते. त्यानंतर तो ठरवतो की या अंगाला कुठला खेळ द्यायचा. माझा डावा पाय खोखोत जमीन ढकलतो हे ज्याला दिसलं, तो लांब उडी मारलेला माणूस होता. नुसत्या खोखोच्या प्रशिक्षकाला माझा सूर दिसला असता आणि तो खूश झाला असता.

ॲबट कॉलेजात असताना, १९१३ च्या सुमारास, तिथले अध्यक्ष एलवूड पेरिशो यांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याकडं या मुलाचं नाव काढलं, आणि वॉशिंग्टननी चांगला शिकला तर टस्कगीत जागा देऊ असा शब्द दिला, असं सांगतात. १९१५ च्या नोव्हेंबरात वॉशिंग्टन वारले. १९१६ साली ॲबट पदवीधर झाले, त्याच वर्षी जेसी स्कॉटशी लग्न झालं. मग पहिलं महायुद्ध. काळ्या सैनिकांच्या ३६६ व्या पायदळ रेजिमेंटमध्ये ते अधिकारी म्हणून फ्रान्समध्ये होते. या सगळ्यातून बाहेर पडून १९२३ साली ते टस्कगीच्या मैदानावर प्रशिक्षक म्हणून उभे राहिले, आणि मग मरेपर्यंत तिथून हलले नाहीत.

अलाबामा. जिथून आईवडील निघून गेले होते तेच राज्य.

या एका गोष्टीपाशी मी पुष्कळ वेळा थांबले आहे. डकोटात वाढलेला, गोऱ्या मुलांबरोबर एका संघात खेळलेला, त्यांच्यातला सर्वांत चांगला ठरलेला माणूस. तो अशा ठिकाणी गेला जिथं त्याच्या मुलांशी राज्यातलं एकही गोऱ्यांचं कॉलेज सामना खेळणार नव्हतं. जिथं आगगाडीचा डबा वेगळा, पाण्याचा नळ वेगळा, खाणावळीचं दार बंद. तिथं त्यानं बत्तीस वर्षं काढली. आमच्या सरांना एकदा पुण्यातल्या मोठ्या कॉलेजातून बोलावणं आलं होतं. ते गेले नाहीत. का गेला नाहीत, असं मी पुढं कधीतरी विचारलं. म्हणाले, "तिथं पोरं आयती येतात गं. इथं घरी जाऊन आणावी लागतात."

फुटबॉलबद्दल मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर इतरांनी पुष्कळ लिहिलंय. ॲबटच्या हाताखाली टस्कगीनं दोनशेहून अधिक सामने जिंकले, आणि १९२४ ते १९३० या सात वर्षांत काळ्यांच्या कॉलेजांमधलं राष्ट्रीय विजेतेपद सहा वेळा मिळवलं. आज तिथल्या फुटबॉलच्या मैदानाला त्यांचंच नाव आहे. फक्त एवढं केलं असतं तरी त्यांचं नाव राहिलं असतं. शिवाय ते शेती-रसायनशास्त्र शिकवत. छोट्या कॉलेजात मैदानावरचा माणूस फक्त मैदानावरचा राहूच शकत नाही. आमचे सरही परीक्षेच्या दिवसांत वर्गांवर पर्यवेक्षक, निवडणुकीत मतदान केंद्रावर, आणि वार्षिक स्नेहसंमेलनात पडदा ओढायला.

माझा जीव अडकला आहे तो मुलींमध्ये.

१९२७ साली ॲबटनी टस्कगी रिलेज नावाची मैदानी स्पर्धा सुरू केली. १९२९ साली तिच्यात मुलींच्या शर्यती घातल्या. हे साल नीट बघायला हवं. आदल्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा मैदानी खेळांत उतरल्या होत्या. तिथल्या ८०० मीटर शर्यतीनंतर काही बायका दमून खाली बसल्या, तर वर्तमानपत्रांनी एवढा गहजब केला की ती शर्यतच काढून टाकली गेली. ती परत आली १९६० साली, बत्तीस वर्षांनी. अमेरिकेतल्या गोऱ्या मुलींच्या कॉलेजांत तर शारीरिक शिक्षणाच्या बाईच सांगत होत्या की मुलींनी स्पर्धा करू नये, सगळ्यांनी मिळून हलकेच खेळावं, नाजूकपणा जपावा. त्याच दिवसांत अलाबामाच्या उन्हात एक माणूस मुलींसाठी चुन्याच्या रेघा मारत होता.

का केलं असेल त्यांनी? लोक म्हणतात की काळ्या बायकांना नाजूकपणाची चैन कधी मिळालीच नव्हती, त्या कापसाच्या शेतात राबत होत्या, म्हणून त्यांनी धावणं कुणाला खटकलं नाही. मला हे पूर्ण पटत नाही. माझी आई आणि मावश्या रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायच्या. तरी मी अर्धी विजार घालून मैदानावर गेले तेव्हा खटकलंच सगळ्यांना. कष्ट करणाऱ्या बाईनं कष्ट करावेत हे समाजाला चालतं. तिनं त्याच अंगानं मजेसाठी, जिंकण्यासाठी उडी मारावी हे चालत नाही. सर आमच्या घरी आले होते. बाबा ओसरीवर बसले होते. सर म्हणाले, "पांडू तात्या, पोरीला एक वर्ष द्या माझ्याकडं. सकाळी घेऊन जाईन, सकाळी आणून सोडीन. पुढं तुम्ही म्हणाल तसं." बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग आई आतून म्हणाली, "चहा घ्या सर." त्या चहातच उत्तर होतं.

ॲलिस कोचमनच्या घरीही असंच होतं. जॉर्जिया राज्यातलं अल्बनी हे तिचं गाव. १९२३ चा जन्म, म्हणजे ॲबट टस्कगीला प्रशिक्षक झाले त्याच वर्षीचा. मुलीनं मैदानात हुंदडावं हे वडिलांना पसंत नव्हतं, मारही बसायचा. तिला मैदानं बंद होती, कारण ती गोऱ्यांची. ती मातीच्या रस्त्यांवर अनवाणी धावायची, दोऱ्या आणि काठ्या बांधून त्यांवरून उड्या मारायची. शाळेतल्या एका बाईंनी आणि नात्यातल्या एकीनं तिची बाजू धरली. १९३९ साली, सोळाव्या वर्षी, टस्कगीनं तिला आपल्या शाळेत शिष्यवृत्तीवर बोलावलं. शिष्यवृत्ती म्हणजे काम करून शिकायचं. ती व्यायामशाळा झाडायची, पोहण्याचा तलाव साफ करायची, फुटबॉलच्या मुलांचे फाटलेले गणवेश शिवायची. शिवणकामातच तिनं पुढं पदविका घेतली. आणि त्याच वर्षापासून राष्ट्रीय स्पर्धेत उंच उडी जिंकायला लागली. दहा वर्षं सलग, १९४८ पर्यंत, ती उडी दुसऱ्या कुणालाच मिळाली नाही.

तिला फक्त उडी मारायला सांगितलं गेलं नाही. ती वेगानं धावायची, रिलेत असायची, टस्कगीच्या मुलींच्या बास्केटबॉल संघात गार्ड खेळायची आणि तो संघही अजिंक्यपद जिंकायचा. या ठिकाणी मला ॲबटची चौदा अक्षरं दिसतात. ज्यानं स्वतः प्रत्येक ऋतूत वेगळा खेळ खेळला, त्याच्या मैदानावर एका मुलीला एकाच खुंट्याला बांधून ठेवलं नव्हतं.

हे काम एकट्या ॲबटचं नव्हतं. मुलींच्या संघाकडं क्रिस्टीन इव्हान्स पेटी या बाई बघायच्या, आणि त्यांच्या काळातच १९३७ साली टस्कगीनं मुलींचं राष्ट्रीय मैदानी विजेतेपद पहिल्यांदा घेतलं. तिथून १९५१ पर्यंतच्या पंधरा वर्षांत त्यांनी ते चौदा वेळा घेतलं. एका छोट्या काळ्या कॉलेजानं, सगळ्या देशात. काळी माणसं दक्षिणेत प्रवासाला निघाली की डबे बांधून घ्यायची, कारण वाटेत त्यांना कुणी बसून खायला देत नसे. अशा वाटांवरून या मुली स्पर्धेला जायच्या. आम्ही कोल्हापूरला विभागीय स्पर्धेला जाताना एसटीत भाकरी-चटणी बांधून न्यायचो, ती पैसे वाचवायला. खिशात पैसे असून दार बंद असणं म्हणजे काय, हे मला त्या भाकरीवरून थोडंही समजणार नाही, हे मला ठाऊक आहे.

१९४० चं ऑलिंपिक युद्धात गेलं, १९४४ चंही गेलं. ॲलिसची सोळा ते एकवीस ही वर्षं, उडी मारणाऱ्याची सोन्यासारखी वर्षं, तशीच निघून गेली. १९४८ साली लंडनला जाताना ती चोविशीची होती, पाठ दुखत होती, आणि तोवर टस्कगीतून बाहेर पडून आपल्या गावच्या अल्बनी स्टेट कॉलेजात शिकत होती. वेम्बलीवर ब्रिटनच्या डोरोथी टायलरनंही तेवढीच उंची ओलांडली, पण ॲलिसनं ती आधीच्या प्रयत्नात. १ मीटर ६८ सेंटिमीटर. ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवणारी जगातली पहिली काळी स्त्री. त्या ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांत सोनं आणणारी अमेरिकेची ती एकटी बाई. राजा सहावा जॉर्ज यांनी तिच्या हातात पदक दिलं. गावी तिची मिरवणूक निघाली. सत्काराच्या सभागृहात गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला बसले होते, आणि महापौरांनी तिच्याशी हात मिळवला नाही.

त्याच ऑलिंपिकला आपले खाशाबा जाधव लंडनला होते, हे मला नंतर लक्षात आलं. कराडजवळच्या गोळेश्वरचे. मातीतला पैलवान आयुष्यात पहिल्यांदा मॅटवर उभा राहिला आणि फ्लायवेटमध्ये सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये दिले, आणि खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. खाशाबांचा पुतळा आपण बघतो, बैलगाड्यांची मिरवणूक आपल्याला पाठ असते. प्राचार्यांचं घर कुठल्या गल्लीत होतं ते मात्र आम्ही कुणी विचारलं नाही. मी कोल्हापुरात स्पर्धेला सहा वेळा गेले, मलाही विचारावंसं वाटलं नाही.

हेलसिंकीलाच स्वतंत्र भारताच्या बायका पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये उतरल्या. त्यांच्यात वांद्र्याच्या मेरी डिसोझा होत्या. त्या धावायच्या आणि हॉकीही खेळायच्या. पुन्हा दोन खेळांचं एकच अंग. हे असं सगळीकडं सापडायला लागलं की मन भरून येतं.

ॲबट १९५५ च्या एप्रिलमध्ये गेले, बासष्टाव्या वर्षी. त्यानंतरची गोष्ट मला त्यांच्या विजयांपेक्षा मोठी वाटते. पुढच्याच वर्षी मेलबर्नला टस्कगीच्या मिल्ड्रेड मॅकडॅनियलनं १ मीटर ७६ सेंटिमीटर उडी मारली. सुवर्ण आणि विश्वविक्रम. ते बघायला ॲबट नव्हते. पण अमेरिकेच्या मुलींच्या संघाची प्रशिक्षक म्हणून नेल जॅक्सन होती. सत्तावीस वर्षांची, टस्कगी गावातच वाढलेली, त्याच मैदानावर धावायला शिकलेली, १९४८ साली स्वतः लंडनला धावलेली. अमेरिकेच्या ऑलिंपिक मैदानी संघाची प्रशिक्षक झालेली पहिली काळी व्यक्ती. आणखी एक धागा आहे. ॲबटच्या मुलीचं नावही आईसारखंच जेसी. तिनं १९४० च्या दशकात टेनेसी स्टेट कॉलेजात मुलींचा मैदानी संघ उभा केला. पुढं तो संघ एड टेम्पल यांच्या हाती आला, आणि तिथूनच विल्मा रुडॉल्फ निघाली. लहानपणी पोलिओनं पाय अधू झालेली, १९६० साली रोमला तीन सुवर्णपदकं घेणारी. विल्मा आपल्याकडच्या शाळांतही सांगितली जाते. तिच्या मागं टेम्पल, त्यांच्या आधी जेसी, आणि जेसीच्या मागं वॉटरटाउनचा तो चार खेळांचा मुलगा.

आमच्याकडं अशी विल्मा झाली नाही. मी विभागीयला उंच उडीत तिसरी आले, १ मीटर ३८ वर. तिथं जाड गाद्या होत्या आणि मुली पाठीवरून, फॉस्बरी पद्धतीनं जात होत्या. मी एकटी कात्री मारत होते, कारण वाळूत पाठीवर पडलं तर मान मोडते. सर कडेला उभे होते. परत येताना एसटीत ते म्हणाले, "गादी असती तर तू पंचेचाळीस जाणार होतीस. हे तुझं नाही, माझं कमी पडलं." त्यांचा आवाज बसला होता. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. पुढच्या वर्षी त्यांनी भुशाची पोती भरून, वर जुनी सतरंजी शिवून गादी केली. मला त्या वर्षी बघायला पाहुणे आले, लग्न ठरलं, आणि ती गादी माझ्या उपयोगी आली नाही. माझ्यामागून आलेल्या तीन मुलींच्या आली. त्यांतल्या एकीची आता शाळेवर खेळाची शिक्षिका म्हणून नोकरी आहे, शेजारच्याच तालुक्यात. आमच्या माणच्या ललिता बाबरनं २०१६ साली रिओला स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली त्या रात्री तिनं मला फोन केला. दोघी काही न बोलता नुसत्या रडत होतो.

गेल्या महिन्यात मी सरांकडं गेले होते. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, ऐकू कमी येतं. मी त्यांना ॲबटची सगळी गोष्ट सांगितली. जोरजोरात, जवळ बसून, तासभर. डकोटा, चौदा अक्षरं, टस्कगी, चौदा विजेतेपदं, ॲलिस, लंडन, राजाच्या हातचं पदक. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. सर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोप लागली.

मग त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "रोज उकरून घेत होता का गं वाळू?"

"कोण सर?"

"तुझा तो माणूस. पोरी अनवाणी उड्या मारायच्या म्हणतीस. सकाळी उकरली नाही, तर घोटा जातो."